एका मताचे मोल आणि भोकरचा हिशेब

२६ एप्रिल २०२४ हा लोकसभा निवडणुकीच्या दुसऱ्या टप्प्यातील मतदानाचा दिवस होता. नांदेड मतदारसंघात बिलोली तालुक्यातील रामपूर येथील केंद्रावर मतदानासाठी आलेल्या एका तरुणाने सोबत लपवून आणलेल्या कुऱ्हाडीने मतदान यंत्र फोडले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, नवे यंत्र आणून मतदान पुढे सुरू करण्यात आले आणि आधी पडलेली मते सुरक्षित असल्याचे प्रशासनाने सांगितले. योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परत जाण्याची आणि व्हीव्हीपॅटच्या सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळून लावली.

रामपूरचा प्रकार अपवादात्मक होता आणि कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हाच होता. पण त्यामागचा वैताग अपवादात्मक म्हणता येणार नाही. त्या दिवशी नांदेड मतदारसंघात सुमारे ६१ टक्के मतदान झाले. साडेअठरा लाखांच्या आसपास असलेल्या मतदारांपैकी सात लाखांहून अधिक जण केंद्राकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी काही फोडले नाही, घोषणाही दिल्या नाहीत. काही बाहेरगावी होते, काही उन्हाला कंटाळले, काहींची नावेच यादीत सापडली नसतील. परंतु या गैरहजेरीचा मोठा हिस्सा एका जुन्या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे नाकारता येत नाही. आपल्या एका मताने दिल्लीत काय फरक पडणार, हा तो प्रश्न. भोकरच्या बसस्थानकापासून नांदेडच्या नव्या मोंढ्यापर्यंत तो निवडणुकीगणिक ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर देताना नेहमी दोन गोष्टींची गल्लत होते. मताने निकाल ठरतो का, हा एक प्रश्न झाला. ठरलेला निकाल पुढे पाच वर्षे पाळला जातो का, हा दुसरा. नांदेड जिल्ह्यापुरते पाहिले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवादपणे होकारार्थी आहे. मतदाराचा भ्रमनिरास होतो तो दुसऱ्या ठिकाणी.

१,४५७ मतांची निवडणूक

४ जून २०२४ रोजी लागलेल्या निकालात काँग्रेसचे वसंतराव चव्हाण यांनी भाजपचे विद्यमान खासदार प्रतापराव पाटील चिखलीकर यांचा ५९,४४२ मतांनी पराभव केला. २६ ऑगस्ट रोजी वसंतरावांचे निधन झाले आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबर २०२४ रोजी घेण्यात आली. काँग्रेसने वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण यांना, तर भाजपने डॉ. संतुकराव हंबर्डे यांना उमेदवारी दिली. निकाल लागला तेव्हा दोघांमध्ये अंतर होते अवघ्या १,४५७ मतांचे. विजय काँग्रेसचा झाला.

या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. दोघांनाही प्रत्येकी पावणेसहा लाखांहून अधिक मते मिळाली होती. मतदारसंघात मतदान केंद्रांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. म्हणजे सरासरीने पाहिले, तर दर केंद्रामागे एक मतही या निकालाला पुरून उरले असते. त्याहून पुढे जाऊन बोलायचे, तर रवींद्र चव्हाण यांना मत दिलेल्या केवळ ७२९ जणांनी शेजारचे बटण दाबले असते, तर हंबर्डे एका मताने खासदार झाले असते. ७२९ मतदार म्हणजे भोकर तालुक्यातील एखाद्या लहान गावाची मतदारयादी.

त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी विधानसभेसाठी दुसऱ्या यंत्रावर मत दिले. नांदेड लोकसभा मतदारसंघात भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. या सहाही ठिकाणी महायुतीचे उमेदवार निवडून आले. भोकरमध्ये भाजपच्या श्रीजया चव्हाण यांचे मताधिक्य ५० हजारांहून अधिक होते. सहा आमदार महायुतीचे आणि खासदार मात्र काँग्रेसचा, असा हा निकाल. विधानसभेला उमेदवार अधिक होते व मतविभागणी वेगळी होती, हे मान्य केले तरी बऱ्याच मतदारांनी मुंबईचा आणि दिल्लीचा विचार वेगवेगळा केला, हे उरतेच. मतदार मेंढरासारखे एकाच चिन्हामागे जातात, असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहायला हवेत.

शेजारच्या हिंगोली लोकसभा मतदारसंघात नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगावचा समावेश होतो. तेथे २०१४ साली काँग्रेसचे राजीव सातव यांनी शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांना १,६३२ मतांनी हरविले होते. देशभर मोदी लाट असताना त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसच्या पदरात पडलेल्या दोनच जागा होत्या, हिंगोली आणि नांदेड. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर हे अमोल कीर्तिकर यांच्यापेक्षा फक्त ४८ मतांनी पुढे राहिले. तेथे ‘नोटा’ला पडलेली मते १५ हजारांच्या वर होती. १९९९ साली वाजपेयी सरकार एका मताने पडल्याचे उदाहरण भाषणांत घासून गुळगुळीत झाले आहे. पण ते मत सभागृहातील खासदाराचे होते. हिंगोली, नांदेड आणि मुंबईतील ही मते सामान्य माणसांची आहेत.

अर्थात अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप येथे विसरून चालणार नाही. अमेरिकन अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच हा मुद्दा मांडला होता. लाखो मतदारांच्या निवडणुकीत कोणा एकाच्या मताने निकाल ठरण्याची शक्यता इतकी नगण्य असते, की केवळ फायद्यातोट्याचा हिशेब करणारा माणूस घराबाहेर पडणारच नाही. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. १,४५७ च्या निवडणुकीतही कोणा एकाचे मत निर्णायक नव्हतेच. ते निर्णायक ठरते तेव्हा ७२९ जण एकाच वेळी तसे ठरवतात. भारतातला मतदार बहुधा एकेकटा ठरवीत नाही. भावकी, जात, वस्ती, गाव यांत मिळून ठरवतो. या सामुदायिक मतदानाला नाके मुरडली जातात आणि त्यात दोष आहेतही. पण आपल्या मताला वजन कसे येते, हे पुण्याच्या सोसायटीपेक्षा भोकरच्या तांड्याला अधिक कळते, असे म्हणायला हरकत नाही. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात सुमारे ५४ टक्के आणि कल्याणमध्ये जेमतेम ५० टक्के मतदान झाले. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गडचिरोली-चिमूरमध्ये मात्र ते ७० टक्क्यांच्या वर गेले.

हरवले तरी परत येतात

नांदेडचा मतदार मुकाट्याने एकाच घराण्याला मते देत आला, असा समज मुंबई-पुण्यात आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९७७ मध्ये येथून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे लोकसभेवर गेले. १९८० व १९८४ मध्ये शंकरराव चव्हाण निवडून आले. ते मुख्यमंत्री झाल्यावर १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोक चव्हाण यांनी प्रकाश आंबेडकर यांना हरविले. मात्र दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी अशोक चव्हाण यांना पराभूत केले. २००४ मध्ये भाजपचे डी. बी. पाटील जिंकले. २०१४ मध्ये देश एकीकडे जात असताना नांदेडने अशोक चव्हाण यांना ८० हजारांहून अधिक मताधिक्य दिले आणि २०१९ मध्ये त्याच अशोक चव्हाणांना ४०,१४८ मतांनी घरी बसविले. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने १ लाख ६६ हजारांहून अधिक मते घेतली होती.

ज्या प्रदेशाला १९४८ पर्यंत निजामी राजवटीत प्रौढ मताधिकार ठाऊक नव्हता, त्याच्या दृष्टीने ही कामगिरी कमी नाही. मग निराशा कशातून येते?

ती येते निकालानंतर. २००४ साली लातूरने शिवराज पाटील चाकूरकर यांचा पराभव केला. १९८० पासून सलग सात वेळा निवडून आलेल्या या नेत्याला भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी हरविले. संपूर्ण देशात त्याची चर्चा झाली. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार आले आणि चाकूरकर देशाचे गृहमंत्री झाले. राज्यसभेचा मार्ग उपलब्ध होता. घटनेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. अनुभवी नेत्याचा उपयोग सरकारने का करू नये, हा युक्तिवादही चुकीचा नाही. परंतु उन्हात रांगेत उभे राहून ज्याने मत दिले, त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, त्याला या युक्तिवादात उत्तर नव्हते.

वीस वर्षांनी भोकरने त्याहून गुंतागुंतीचा अनुभव घेतला. २०१९ च्या विधानसभेला भोकरने अशोक चव्हाण यांना सुमारे ९७ हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले, तेही भाजपच्या उमेदवाराला हरवून. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी आमदारकीचा आणि काँग्रेसचा राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये प्रवेश केला आणि त्याच महिन्यात ते राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेले. भोकरची जागा नोव्हेंबरपर्यंत रिकामी राहिली.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, येथे काही संबंध येत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पक्षफुटीची पळवाट बंद करून दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचीच सूट ठेवली. पण स्वतःहून राजीनामा देऊन बाहेर पडणाऱ्याला हा कायदा अडवीत नाही आणि अडवू शकतही नाही. आमदाराला बांधून ठेवण्याचा अधिकार कोणत्याच लोकशाहीने मतदाराला सरसकट दिलेला नाही. मात्र महाराष्ट्रात २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत तीन सरकारे आली, दोन मोठे पक्ष फुटले आणि मूळ पक्ष कोणता याचा निर्णय निवडणूक आयोग व विधानसभा अध्यक्षांना द्यावा लागला. ज्याला मत दिले तो नेमका कोणत्या बाजूचा, हे मतदाराला निकालानंतर वृत्तपत्रातून कळावे, ही वेळ आली.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. नेत्याच्या पक्षांतराचा राग मतदाराने ठरवून व्यक्त केला, असे सरळ चित्र दिसत नाही. जून २०२४ मध्ये नांदेडने भाजपचा उमेदवार पाडला. नोव्हेंबरमध्ये भोकरने त्याच नेत्याच्या कन्येला भाजपच्या चिन्हावर मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. भोकरमध्ये १९६७ पासून शंकरराव, पुढे २००९ मध्ये अशोक चव्हाण, २०१४ मध्ये अमिता चव्हाण, २०१९ मध्ये पुन्हा अशोक चव्हाण आणि आता श्रीजया, असा हा प्रवास आहे. त्याला घराणेशाही म्हणावे, की कामाची पावती, यावर भोकरमध्ये आजही एकमत होणार नाही. पक्ष बदलला तरी माणूस तोच, असे म्हणणारे आहेत. पक्षाला काही अर्थच उरला नाही, म्हणून माणूस पाहावा लागतो, असे म्हणणारेही आहेत. दुसरे म्हणणे अधिक निराशेचे आहे.

भोकरच्या नावाचा खटला

राष्ट्रीय निवडणूक कायद्याच्या इतिहासात भोकरचे नाव कायमचे नोंदले गेले आहे, ते मात्र निराळ्या कारणाने. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी भोकरमधून अपक्ष उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांचा एक लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. प्रचाराच्या काळात मराठी वृत्तपत्रांतून मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली होती. त्यांतील काही मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून हे प्रकरण उजेडात आणले. वृत्तपत्रीय जाहिरातींवरील खर्च म्हणून उमेदवाराने दाखविलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

किन्हाळकरांनी निवडणूक आयोगाकडे धाव घेतली. ही पाने पैसे घेऊन छापलेली, म्हणजे ‘पेड न्यूज’ आहेत आणि त्यांचा खर्च लपविण्यात आला आहे, असा त्यांचा दावा होता. चव्हाण यांनी तो फेटाळला. खर्चाचा हिशेब खरा की खोटा, हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने तो अधिकार आयोगाला आहे, असा निर्वाळा दिला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. म्हणजे उमेदवार निर्दोष सुटला. कायद्यात मात्र एक महत्त्वाची गोष्ट कायम झाली. हिशेबाचा कागद वेळेवर दाखल केला की काम संपले, असे आता म्हणता येत नाही.

या सगळ्याला लागलेला काळ पाहा. २००९ च्या निवडणुकीचा वाद २०१४ मध्ये, म्हणजे त्या विधानसभेची मुदत संपत आली असताना, मिटला. मतदाराच्या दृष्टीने या निकालाला व्यवहारात काही अर्थ उरला नव्हता. आणि या प्रकरणात वृत्तपत्रांनाही हात झटकता येत नाहीत. मतदाराने विचारपूर्वक मत द्यावे, असे अग्रलेख ज्या पानांवर छापले जात होते, त्याच्याच शेजारच्या पानावर बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे वाचकाला ओळखू येत नव्हते. मतदाराच्या उदासीनतेची कारणे शोधताना हे कारण वृत्तपत्रे सहसा यादीत धरीत नाहीत.

जवळचे मत, दूरचे मत

महाराष्ट्रातील मतदानाचे आकडे एक गमतीदार गोष्ट सांगतात. २००४ मध्ये राज्यात लोकसभेला सुमारे ५४ टक्के मतदान झाले आणि सहा महिन्यांनी विधानसभेला ६३ टक्के. २००९ मध्ये ते अनुक्रमे सुमारे ५१ व ६० टक्के होते. २०१४ मध्ये ६० आणि ६३. २०१९ मध्ये दोन्ही ६१ च्या आसपास. २०२४ मध्ये लोकसभेला ६१ आणि विधानसभेला ६६. थोडक्यात, एक अपवाद सोडता याच राज्यातील याच मतदाराला काही महिन्यांनी येणारी विधानसभा अधिक जवळची वाटते. ग्रामपंचायतीला तर पुणे-हैदराबादहून मतदारांना आणण्यासाठी उमेदवार स्वतः गाड्या पाठवतात आणि लोक त्यासाठी कामावर खाडा करून येतात.

म्हणून उदासीनता हा शब्द जपून वापरायला हवा. जो माणूस सरपंचपदासाठी तीनशे किलोमीटरचा प्रवास करतो, तो लोकशाहीविषयी उदासीन नाही. त्याने मनाशी एक हिशेब केलेला असतो. सरपंच रोज दिसतो, आमदाराकडे जाता येते, खासदार मात्र लग्नकार्यात किंवा फलकावर भेटतो. शिवाय लोकसभेचे मतदान एप्रिल-मेच्या उन्हात येते. तेव्हा भोकर, हिमायतनगर, किनवटकडील अनेक कुटुंबे तेलंगणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात कामावर असतात. अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांसमोर त्याचे प्रात्यक्षिकही ठेवण्यात आले. पक्षांच्या विरोधामुळे तो पुढे सरकला नाही.

यात आणखी एक भर पडली. २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, महापालिका व नगरपालिकांवर प्रशासक बसले. नांदेडही त्यात होते. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका लांबत गेल्या आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर त्यांना टप्प्याटप्प्याने मुहूर्त लागला. मधली तीनहून अधिक वर्षे जवळचे मतच मतदाराच्या हाती नव्हते. नालीचा राग, रस्त्याचा राग, पाण्याचा राग हे सगळे साचून २०२४ च्या लोकसभेत उतरले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी पुढाऱ्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले, ते याच काळात. मराठवाड्यातील आठपैकी सात जागा तेव्हा महायुतीने गमावल्या.

नकाराची साधने

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण, म्हणजे ‘नोटा’, मतदाराला मिळाले. नाराजांसाठी हा सभ्य मार्ग मानला गेला. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला त्याचे टोकाचे उदाहरण घडले. काँग्रेसचे धीरज देशमुख सव्वा लाखांहून अधिक मते घेऊन विजयी झाले आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता, होता ‘नोटा’. त्याला २७,५०० मते पडली. युतीत ही जागा शिवसेनेकडे गेल्याने भाजपचे कार्यकर्ते नाराज झाले, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. त्याच वेळी पलूस-कडेगावमध्येही ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. परिणाम काय झाला? काहीच नाही. लोकसभा व विधानसभेत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच विजयी ठरतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा नियम केला. ‘नोटा’ पहिला आल्यास तेथे फेरनिवडणूक घेण्याची तरतूद आहे.

गावाने मिळून बहिष्कार टाकण्याची प्रथा याहून जुनी. तिचा उपयोग होतो तो मतदानाआधी. बहिष्काराचे निवेदन पोहोचले की तहसीलदारांची गाडी गावात येते, रस्त्याच्या कामाला तारीख मिळते. मतदानाचा दिवस उलटला की त्या निवेदनाची किंमत शून्य होते.

सीमेवरील गावांनी तिसरी वाट धरून पाहिली. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातील चाळीसच्या आसपास गावांनी तेलंगणात सामील होण्याची मागणी केली. तेलंगणाच्या रयतु बंधू योजनेत तेव्हा शेतकऱ्याला एकरी वर्षाला ८ हजार रुपये मिळत होते, शेतीला मोफत वीज होती. २०१९ मध्ये नायगाव, भोकर, देगलूर, किनवट व हदगाव या पाच मतदारसंघांतील कार्यकर्ते तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना जाऊन भेटले. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी राव यांनी भारत राष्ट्र समितीची सभा नांदेडमध्ये घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणातच त्यांची सत्ता गेली आणि या पक्षाने महाराष्ट्रातून पाय काढता घेतला. ज्यांनी त्या झेंड्याखाली नशीब आजमावले, ते आपापल्या जुन्या किंवा नव्या पक्षांत पांगले.

दिल्लीचा आदेश, मोंढ्यातला भाव

खासदार गावात दिसत नाही, म्हणून लोकसभेचा गावाशी संबंध नाही, हा समज मात्र सोयाबीन आणि कापूस पिकविणाऱ्या तालुक्याला महाग पडणारा आहे. या पिकांचे नशीब भोकरच्या बाजार समितीत कमी आणि दिल्लीच्या अर्थ मंत्रालयात अधिक ठरते.

२०२४ च्या लोकसभेत सोयाबीन, कांदा व कापसाच्या पडलेल्या भावांनी महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना फटका दिला, हे सर्वच पक्षांनी मान्य केले. त्यानंतर काय घडले, ते तारखांनिशी पाहण्यासारखे आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावरील प्रभावी आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. त्याच सुमारास कांद्याची किमान निर्यात किंमत हटविण्यात आली. राज्यात जूनअखेरीस ‘माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली होतीच. नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीने सोयाबीनला ६ हजार, तर काँग्रेसने ७ हजार रुपये भाव देण्याचे आश्वासन दिले. हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सोयाबीन त्याच्याही खाली विकले जात होते. निवडणूक झाली. ३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठविण्यात आले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली गेली. कापूस वेचणीचा हंगाम नेमका त्या काळात येतो.

शहरातील ग्राहकाला स्वस्त तेल हवे आणि गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे खरे आहे. सरकारला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, हेही खरे. परंतु मतदान जवळ आले तेव्हा शुल्क वाढले आणि मतदान लांब गेले तेव्हा ते कमी झाले, हा क्रम निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे. मताला किंमत आहे, असे यातून दिसते. ती किंमत किती महिने टिकते, तेही दिसते.

ती अधिक काळ टिकवण्याचा एक प्रयत्न भोकरपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी झाला. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद मतदारसंघात २०१९ च्या लोकसभेला १७० हून अधिक शेतकऱ्यांनी, प्रामुख्याने हळद उत्पादकांनी, उमेदवारी अर्ज भरले. त्यांना स्वतंत्र हळद मंडळ हवे होते. एकूण उमेदवार झाले १८५. एवढी नावे मावण्यासाठी निवडणूक आयोगाला प्रत्येक केंद्रावर यंत्रांची रांग लावावी लागली. मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता तेथे सुमारे ७० हजार मतांनी पराभूत झाल्या. विजयी झालेले भाजपचे धर्मपुरी अरविंद यांनी हळद मंडळ आणण्याचे आश्वासन मुद्रांक कागदावर लिहून दिले होते.

मंडळ लगेच आले नाही. शेतकऱ्यांनी तो कागद पुन्हा पुन्हा खासदारांपुढे धरला, आंदोलने केली. अखेर तेलंगणाच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना काढली आणि १४ जानेवारी २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. भोकर विधानसभा मतदारसंघातील अर्धापूर तालुका हळदीसाठी ओळखला जातो. हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद बाजारपेठही मोठी आहे आणि तेथे राज्य सरकारचे हळद संशोधन केंद्र आहे. राष्ट्रीय मंडळाचे मुख्यालय मात्र निजामाबादला आहे.